रक्तदाबाची गोळी, रानातले ऊन आणि गाजरगवत: एका त्वचाविकाराचे प्रकरण

मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील एका ५८ वर्षांच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर फेब्रुवारीच्या अखेरीस खाजणारे काळपट चट्टे उठले. त्यांचे खरे कारण लक्षात येईपर्यंत पुढचा पावसाळा उलटून गेला. मधल्या काळात निदान चुकले, मलमे बदलली आणि काही दिवस तर रक्तदाब चट्ट्यांपेक्षा कितीतरी अधिक धोकादायक पातळीवर जाऊन पोहोचला. हे एका विशिष्ट व्यक्तीचे जसेच्या तसे इतिवृत्त नाही. ग्रामीण दवाखान्यांत आणि त्वचारोग विभागांत वारंवार समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र आणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. औषधांचे परिणाम, तपासण्या आणि निदानाची रीत मात्र वैद्यकात प्रस्थापित आहे तशीच मांडली आहे.

पूर्ववृत्त

रुग्णाची शेती थोडी होती. खरिपाला सोयाबीन आणि तूर, रब्बीला ज्वारी आणि हरभरा अशी पिके ते घेत. मधुमेह नव्हता, दारूचे व्यसन नव्हते, पूर्वी कधी त्वचेचा विकार झालेला नव्हता. गावातील तपासणी शिबिरात रक्तदाब १६८/१०२ आढळला. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्यावरही तो त्याच पातळीवर राहिला, तेव्हा ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही गोळी सुरू करण्यात आली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पाच राज्यांत सर्वप्रथम राबवला गेला, त्यांत महाराष्ट्र होता. सरकारी केंद्रात उपचाराची सुरुवात या गोळीने होणे आता नित्याचे झाले आहे.

वर्षभर ही गोळी रुग्णाला मानवली, पण रक्तदाब अपेक्षेइतका उतरेना, म्हणून मात्रा १० मिलिग्रॅम करण्यात आली आणि महिन्याभरात संध्याकाळी पायांना सूज येऊ लागली. ॲम्लोडिपिनमुळे बारीक धमन्या सैलावतात, शिरांच्या बाजूला तेवढा सैलपणा येत नाही, केशवाहिन्यांतील दाब वाढतो आणि पाणी घोट्याभोवती झिरपते. या सुजेचा मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या बिघाडाशी संबंध नसतो आणि मात्रा कमी केली की ती बहुधा ओसरते. रुग्णाने मात्र तालुक्याच्या खासगी दवाखान्याची वाट धरली. तेथे ॲम्लोडिपिन बंद करून टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी देण्यात आली. पायांची सूज गेली आणि जानेवारीत रक्तदाब १३६/८४ वर आला. गोळी इतकी उत्तम लागू पडली होती की पुढे कित्येक महिने तिच्यावर संशय घेण्याचे कोणाच्याच मनात आले नाही.

चट्टे आणि पहिले निदान

फेब्रुवारीअखेर ज्वारीची काढणी चालू असताना मानेच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही हातांच्या पाठीवर खाज सुटली. आठवड्याभरात नाकाचा शेंडा, गाल आणि कानांच्या वरच्या कडा काळवंडल्या. सदऱ्याचा गळा जेथे उघडा राहतो तेथे छातीवर त्रिकोणी चट्टा उमटला. हे चट्टे लाल नव्हते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दाह बहुतेक वेळा जांभळट-तपकिरी किंवा राखाडी रंगाचा दिसतो. वैद्यकीय पुस्तकांतील छायाचित्रे मात्र दीर्घकाळ गोऱ्या त्वचेचीच राहिली, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णाच्या अंगावरील ताजा दाह ‘उन्हाने रापणे’ समजून सोडून दिला जातो. येथेही सुरुवातीचे काही दिवस तसेच झाले.

घरी कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घालण्यात आली. गावातल्या अनुभवी माणसांनी हरभऱ्याच्या आंबेला दोष दिला, आणि ते अगदीच निराधार नव्हते, कारण हरभऱ्याच्या पानांवरील आम्लधर्मी स्राव हाताची त्वचा खरोखर चुरचुरवतो. पण आंब नाकाच्या शेंड्यावर आणि कानाच्या कडेवर कशी जाईल, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मार्चमध्ये तालुक्याच्या डॉक्टरांनी गाजरगवताची ॲलर्जी असे निदान केले. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या उघड्या अंगावर खाजरे चट्टे दिसले की हा विचार मनात यावा हे योग्यच आहे. काँग्रेस गवत या नावानेही ओळखले जाणारे हे तण भारतात १९५० च्या दशकात पुण्यात ठळकपणे नोंदले गेले आणि पुढील दोन दशकांत त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे कितीतरी रुग्ण पुणे परिसरातील डॉक्टरांनी पाहिले. वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य, तिच्यावरची सूक्ष्म लव आणि वाळलेला चुरा वाऱ्यावर उडून अंगावर बसतो, त्यामुळे प्रत्यक्ष गवत न उपटताही माणूस बाधित होऊ शकतो. डॉक्टरांनी स्टिरॉइडचे मलम आणि खाजेची गोळी दिली. खाज कमी झाली, चट्टे कायम राहिले.

एप्रिलमध्ये रुग्णाने गावच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक मलम आणले. त्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे होती. अशी तिहेरी मलमे आपल्याकडे कोणत्याही खाजेवर सर्रास दिली जातात आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या कामाचा मोठा भाग त्यांनी घडवलेले नुकसान निस्तरण्यात जातो, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. या मलमाने चट्टे आठ दिवस फिके पडले, थांबवताच दुप्पट जोमाने उसळले आणि गालांची त्वचा पातळ होऊन तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या.

मे महिन्यात रुग्ण मुलीकडे पुण्याला जाऊन राहिले. तीन आठवडे घराबाहेर पडणे जवळजवळ झालेच नाही आणि चट्टे निम्म्याने ओसरले. गाव सोडले म्हणजे गाजरगवत सुटले, असा अर्थ सगळ्यांनी लावला आणि पहिले निदान अधिकच घट्ट झाले. वस्तुतः घरात बसल्यामुळे ऊनही सुटले होते. ही सुधारणा दोन्ही कारणांशी सारखीच जुळणारी होती आणि म्हणून निदानाच्या दृष्टीने तिचे मोल काहीच नव्हते.

अर्धवट परीक्षा

जुलैमध्ये पेरणीबरोबर चट्टे परतले. आभाळ भरलेले असतानाही ते वाढत होते, त्यामुळे उन्हाचा विचार मागे पडला. याच सुमारास रुग्णाच्या पत्नीने सर्वप्रथम गोळीचे नाव घेतले. नवी गोळी आली त्याच हंगामात अंगावर उठले, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शेजाऱ्यांनी दुजोरा दिला आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करण्यात आली.

दहा दिवस गेले. चट्टे जसेच्या तसे राहिले आणि एके सकाळी प्रचंड डोकेदुखी झाली म्हणून रुग्णाला दवाखान्यात नेले तेव्हा रक्तदाब १८४/११० होता. तीच गोळी तातडीने पुन्हा सुरू झाली. ‘गोळी थांबवूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष गोळीचा नाही,’ असा निष्कर्ष घरच्यांनीही काढला आणि डॉक्टरांनीही.

या प्रकरणात सर्वाधिक नुकसान कशाने झाले असे विचारल्यास मी या दहा दिवसांकडे बोट दाखवीन. रक्तदाब अनियंत्रित राहिला हा एक भाग, पण एक अचूक शंका चुकीच्या पद्धतीने तपासली गेली आणि कायमची बाद ठरली हा दुसरा. औषध शरीरातून काही दिवसांत निघून जाते. त्याने त्वचेत सुरू करून दिलेला दाह मात्र, विशेषतः लायकेनसदृश (लायकेन प्लॅनस या खाजऱ्या त्वचाविकारासारखा दिसणाऱ्या) प्रकारचा, शमायला कित्येक आठवडे आणि कधी कधी महिने घेतो. अशा विकारात दहा दिवसांच्या खंडावरून औषध निर्दोष ठरवता येत नाही आणि दोषीही ठरवता येत नाही. शिवाय त्या दहा दिवसांत उन्हातली कोळपणी आणि मेडिकलचे मलम दोन्ही चालूच होते.

त्वचारोग विभागातील तपासणी

ऑक्टोबरमध्ये रुग्ण वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पोहोचले. तेथील डॉक्टरांनी मलमांची नावे विचारण्याआधी टोपी, सदरा आणि हातातले कडे काढायला लावले आणि पूर्ण अंग खिडकीच्या उजेडात पाहिले. जे दिसले ते फार बोलके होते. टोपीखाली झाकलेले कपाळ स्वच्छ होते आणि टोपीच्या कडेला आडवी रेघ मारल्याप्रमाणे चट्टा सुरू होत होता. कड्याखालचा पट्टा मूळ रंगाचा होता. सदऱ्याच्या बाहीपाशी रंग तुटत होता. धोतराखाली उघड्या राहणाऱ्या नडग्यांवर पुढून चट्टे होते, मागे पोटऱ्यांवर नव्हते.

त्याहून महत्त्वाच्या होत्या उघड्या असूनही वाचलेल्या जागा. वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग, कानांच्या मागची त्वचा, मानेच्या वळ्यांचे तळ आणि बोटांच्या बेचक्या या सर्व ठिकाणी त्वचा निरोगी होती. वाऱ्यावरून येणारा गाजरगवताचा चुरा नेमका याच सांदीकोपऱ्यांत साचतो, त्यामुळे त्या ॲलर्जीत पापण्या सुजतात, मानेच्या वळ्या, कोपराची आणि गुडघ्याची आतली बाजू चिघळते. ऊन मात्र सरळ रेषेत येते आणि सावलीतली जागा सोडून देते. चट्टे कोठे आहेत यापेक्षा ते कोठे नाहीत, यावरून येथे निदानाची दिशा फिरली. अर्थात ही कसोटी अचूक आहे असे मानू नये, कारण जुनाट गाजरगवताच्या ॲलर्जीत काही रुग्णांची त्वचा कालांतराने उन्हालाही संवेदनशील बनते आणि दोन्ही चित्रे एकमेकांत मिसळतात.

त्यानंतर काळाचा प्रश्न आला. “काका, आधी गोळी सुरू झाली की आधी चट्टे आले?” असे डॉक्टरांनी विचारल्यावर रुग्ण गोंधळले, पण त्यांच्या पत्नीने सांगितले, “गोळी आधी, मॅडम. ज्वारी हुरड्यात होती तेव्हा नवी गोळी आली आणि काढणीला अंगावर उठलं.” दवाखान्याच्या कागदांवरील तारखा पडताळल्यावर हे अंतर सुमारे अडीच महिन्यांचे निघाले. पुरळ आणणारे औषध पहिल्या आठवड्यातच आपले गुण दाखवते अशी समजूत आहे आणि काही प्रकारांत ती खरीही आहे. पण थायझाइड गटातील औषधांच्या (एकत्रित गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइड त्यांपैकीच एक) उन्हाळू, म्हणजे ऊन लागल्यावर उमटणाऱ्या, प्रतिक्रिया कित्येक आठवड्यांनी, महिन्यांनी आणि क्वचित काही वर्षांनीही उमटल्याची नोंद आहे. येथे तर डिसेंबर-जानेवारीत रानातले काम तुलनेने कमी होते. पुरेसे ऊन मिळाल्यावरच प्रतिक्रिया उघड झाली.

भेदनिदानात, म्हणजे सारखे दिसणारे विकार एकमेकांपासून वेगळे काढताना, आणखी दोन शक्यता विचारात घेतल्या गेल्या. पहिली पेलाग्राची. ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या पठारावर नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा हा विकार एकेकाळी नेहमी दिसे आणि हैदराबादच्या पोषणशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला होता. उन्हाच्या भागावर काळपट पट्टे आणि गळ्याभोवती हारासारखी पट्टी हे पेलाग्राचे चित्र या रुग्णाशी वरवर जुळणारे होते. पण त्यांच्या आहारात डाळ आणि दूध नियमित होते, जुलाब किंवा विस्मरण नव्हते, आणि पेलाग्रात जळजळ प्रमुख असते तर येथे खाज प्रमुख होती.

दुसरी शक्यता ल्युपसची, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या विकाराची. हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे उद्भवणाऱ्या त्वचेच्या अर्धतीव्र ल्युपसचे वर्णन १९८५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि आज या विकाराला कारण ठरणाऱ्या औषधांच्या यादीत ते ठळक आहे. त्यात बहुतेक रुग्णांच्या रक्तात अँटी-रो ही प्रतिद्रव्ये सापडतात. या रुग्णात ती आढळली नाहीत, ल्युपससाठी केली जाणारी अँटीन्यूक्लिअर चाचणीही नकारात्मक आली. लघवी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सामान्य होत्या.

हाताच्या पाठीवरील त्वचेचा तुकडा तपासणीला पाठवला गेला. अहवालात त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी पेशींचा ऱ्हास, त्याखाली लिम्फोसाइट पेशींचा पट्टा, त्यात विखुरलेल्या इओसिनोफिल पेशी आणि खालच्या थरात गळून साचलेले रंगद्रव्य असे वर्णन होते. हे लायकेनसदृश दाहाचे चित्र आहे. इओसिनोफिल पेशी औषधाकडे निर्देश करतात, तरी तेवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. खाली गळलेल्या रंगद्रव्याने मात्र पुढची एक गोष्ट आधीच सांगितली होती, ती म्हणजे दाह शमल्यावरही काळेपणा लवकर जाणार नाही.

मग आली पॅच चाचणी, म्हणजे संशयित द्रव्य पाठीवर चिकटवून त्वचेची प्रतिक्रिया पाहणे, आणि तिने साधा-सरळ निकाल दिला नाही. गाजरगवताच्या अर्काला रुग्णाच्या पाठीवर सौम्य पण निःसंशय प्रतिक्रिया आली. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांचा अंदाज पूर्णतः चुकीचा नव्हता. रुग्णाला गाजरगवताची संवेदनशीलता होती, परंतु अंगावरचे चट्टे त्या नकाशाप्रमाणे पसरलेले नव्हते. रानात जन्म गेलेल्या माणसाची ही चाचणी सकारात्मक येणे म्हणजे त्याच्या आजच्या तक्रारीचे कारण सापडणे नव्हे.

ऊन आणि रेणू

हायड्रोक्लोरोथायझाइडचा रेणू रक्तावाटे त्वचेत पोहोचतो आणि तेथे अतिनील किरणे शोषतो. शोषलेल्या ऊर्जेने उत्तेजित झालेला रेणू आसपासच्या पेशींना थेट इजा करू शकतो. ही उन्हाने भाजल्यासारखी, लवकर येणारी प्रतिक्रिया झाली. काही रुग्णांत मात्र बदललेला रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्याला परके समजून हल्ला करते. ही उशिरा येणारी, खाजरी आणि चिवट प्रतिक्रिया असते. प्रस्तुत रुग्णाचे चित्र दुसऱ्या वर्णनाच्या जवळचे आहे.

यात मुख्यतः यूव्हीए प्रकारचे किरण कारणीभूत असतात आणि त्यांचे वागणे आपल्या उन्हाच्या कल्पनेशी जुळत नाही. त्वचा चटकन भाजणारे यूव्हीबी किरण दुपारी तीव्र असतात आणि काचेने अडतात. यूव्हीए मात्र सकाळी आणि संध्याकाळीही बऱ्यापैकी टिकून असतात, ढगांतून उतरतात आणि साध्या खिडकीच्या काचेतून आत येतात. पेरणीच्या ढगाळ दिवसांत चट्टे वाढत होते याचे स्पष्टीकरण येथे मिळते. वाहनचालकांत खिडकीच्या बाजूचा हात आणि गाल अधिक बाधित होतो, तोही याच कारणाने.

उपचार आणि अनवधानाने झालेली पुनर्परीक्षा

हायड्रोक्लोरोथायझाइड बंद करताना रक्तदाब मोकळा सोडणे परवडणारे नव्हते, म्हणून बदल त्याच दिवशी करण्यात आला. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम तसेच ठेवले आणि त्याच्या जोडीला ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम दिले. ॲम्लोडिपिननेही क्वचित उन्हाळू प्रतिक्रिया येतात, परंतु या रुग्णाने ते वर्षाहून अधिक काळ त्वचेच्या तक्रारीविना घेतले होते. पायांची सूज मोठ्या मात्रेत आली होती आणि टेल्मिसार्टन सोबत असताना ती येण्याची शक्यता कमी होते, कारण ते शिरांकडील बाजूही सैलावते. क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड ही रक्तदाबाची औषधे देण्याचा मोह टाळला गेला, कारण रासायनिकदृष्ट्या ती हायड्रोक्लोरोथायझाइडच्या जवळची आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ही औषधे सल्फोनामाइड वर्गातील असल्याने रुग्णाच्या कागदावर ‘सल्फाची ॲलर्जी’ असा शेरा मारला जातो. सल्फा प्रतिजैविकांच्या रेणूची रचना वेगळी आहे आणि दोन्ही गटांत खात्रीने एकमेकांची प्रतिक्रिया येते असे पुरावे नाहीत. असा मोघम शेरा रुग्णाला पुढे उपयोगी औषधापासून विनाकारण वंचित करतो. कागदावर औषधाचे नेमके नाव आणि प्रतिक्रियेचे स्वरूप लिहावे.

तिहेरी मलम बंद करून अंगावर ठरावीक काळापुरते मध्यम तीव्रतेचे स्टिरॉइड आणि चेहऱ्यावर टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेले दाहशामक मलम देण्यात आले. उन्हापासून संरक्षणाचा सल्ला शेतकऱ्याला देताना त्याचे वास्तव लक्षात घ्यावे लागते. ‘दुपारी बाहेर पडू नका’ असे काढणीच्या दिवसांत सांगणे निरर्थक आहे, आणि यूव्हीएच्या बाबतीत ते पुरेसेही नाही. लांब बाह्यांचा घट्ट विणीचा गडद सदरा, टोपीऐवजी कान आणि मान झाकणारे उपरणे, आणि हातांच्या पाठीवर झिंक ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन एवढ्यावर भर देण्यात आला. सनस्क्रीनवरील एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीविषयी सांगतो, म्हणून अशा रुग्णांनी यूव्हीए संरक्षणाचा वेगळा उल्लेख पाहूनच ती घ्यावी.

सहा आठवड्यांत खाज थांबली आणि चट्टे सपाट झाले. रक्तदाब १३४/८४ राहिला. डिसेंबरअखेर केवळ राखाडी डाग उरले होते.

जानेवारीत मात्र हरभऱ्याची राखण करत असताना मानेवर आणि हातांवर पुन्हा खाज सुटली, आणि तीही आठवड्याभरातच. मलमे तीच होती, गोळ्याही रुग्णाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच होत्या. त्वचारोग विभागाने गोळ्यांची पाकिटे आणायला सांगितली, तेव्हा उलगडा झाला. गावच्या मेडिकलमध्ये टेल्मिसार्टनची साधी गोळी संपली होती आणि दुकानदाराने त्याच नावाची, पण शेवटी ‘एच’ हे अक्षर असलेली गोळी दिली होती. ते अक्षर म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. आपल्या बाजारात रक्तदाबाच्या एकाच व्यापारी नावाला एच, एएम, सीटी अशी शेपटे जोडून पाच-सहा वेगवेगळी औषधे विकली जातात, पाकिटांचे रंगही बहुधा मिळतेजुळते असतात आणि घटकांची नावे भिंग लावून वाचावी लागतील इतकी बारीक छापलेली असतात. दुकानदाराचा त्यात काही हेतू होता असे मानण्याचे कारण नाही, आणि रुग्णाला इंग्रजी वाचता येत नव्हते.

संशयित औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहणे त्वचेच्या विकारांत सहसा टाळले जाते, कारण दुसरी प्रतिक्रिया पहिलीपेक्षा तीव्र असू शकते. येथे ते चुकून घडले आणि पहिल्या वेळी अडीच महिने लागलेली प्रतिक्रिया या खेपेस दिवसांत आली. आधीच जागृत झालेल्या रोगप्रतिकारशक्तीचे वर्तन असेच असते. ‘एच’ची गोळी थांबवल्यावर चट्टे पुन्हा ओसरले. गाजरगवत दोन्ही वेळा बांधावर होते तेवढेच होते.

कार्यकारणाची श्रेणी आणि नोंद

औषध आणि प्रतिक्रिया यांचा संबंध किती पक्का, हे मोजण्यासाठी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली नारांजो गुणांकन पद्धत वापरली जाते. या रुग्णात पूर्वीच्या नोंदींसाठी १, औषधानंतर प्रतिक्रिया आल्याबद्दल २, थांबवल्यावर सुधारल्याबद्दल १, पुन्हा घेतल्यावर परतल्याबद्दल २ आणि त्वचेच्या तुकड्यातील वस्तुनिष्ठ पुराव्यासाठी १ असे गुण मिळाले. गाजरगवताच्या चाचणीमुळे ‘दुसरे कारण संभवते का’ या प्रश्नाला होकार द्यावा लागला आणि १ गुण वजा झाला. एकूण ६ म्हणजे ‘संभाव्य’ श्रेणी. त्याच प्रश्नाला नकार देता आला असता तर २ गुण मिळून बेरीज ९ झाली असती आणि श्रेणी ‘निश्चित’ ठरली असती. चट्ट्यांची मांडणी आणि त्यांचे परतणे पाहता माझ्या मते वस्तुस्थिती ९ च्या अधिक जवळ आहे, पण गुणांकन प्रामाणिकपणे करायचे तर ६ हेच लिहावे लागते.

ही नोंद भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे पाठवण्यात आली. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक स्वतःही तक्रार नोंदवू शकतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट नाही.

रुग्णाच्या मुलीने एक वेगळी भीती बोलून दाखवली, ती कर्करोगाची. डेन्मार्कमधील अभ्यासांत ५०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक एकत्रित मात्रा घेतलेल्यांत त्वचेच्या मेलॅनोमाव्यतिरिक्त कर्करोगांचे प्रमाण वाढलेले दिसले आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घातली. दररोज १२.५ मिलिग्रॅम घेणाऱ्याला ती मात्रा गाठायला जवळजवळ ११ वर्षे लागतात. अमेरिकी प्रशासनाच्याच म्हणण्यानुसार ही वाढ प्रामुख्याने गोऱ्या वंशाच्या, मोठी एकत्रित मात्रा घेतलेल्या रुग्णांत आहे. या रुग्णाने वर्षभरही हे औषध घेतले नव्हते. मुलीला हे हिशेबासह समजावण्यात आले.

रक्तदाबाची इतर औषधेही त्वचेवर आपापल्या परीने परिणाम करतात आणि त्यांची निकड सारखी नसते. बीटा-ब्लॉकर गटाने सोरायसिस बळावू शकतो, पण त्याबाबत पुढच्या भेटीत बोलले तरी चालते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या औषधांनी ओठ, जीभ किंवा घसा सुजला तर मात्र एक तासही दवडू नये, मग औषध कित्येक महिने विनातक्रार घेतलेले का असेना. ही सूज ब्रॅडिकायनिन हे शरीरातलेच द्रव्य साचल्यामुळे येते, त्यामुळे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती उतरत नाही. कोणत्याही औषधानंतर तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियावर फोड आले, ताप आला किंवा त्वचा सुटू लागली, तर ते औषध थांबवून थेट मोठे रुग्णालय गाठावे. प्रस्तुत रुग्णाची प्रतिक्रिया या कोणत्याही वर्गातील नव्हती, म्हणूनच औषध बदलेपर्यंत एक-दोन दिवस धीर धरणे सुरक्षित होते, आणि दहा दिवस विनाऔषध राहणे नव्हते.

पुढील वाटचाल

एप्रिलच्या भेटीत रक्तदाब १३२/८२ होता. हातांवर फिकट डाग उरले होते आणि गालांवरील पातळ झालेली त्वचा पूर्ववत होण्याची शाश्वती डॉक्टरांनी दिली नाही. रुग्णाच्या खिशात आता एक कार्ड असते, त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइडचे नाव मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले आहे आणि ‘नावाच्या शेवटी एच असलेली गोळी देऊ नये’ असा दुकानदारासाठी मजकूर आहे. गाजरगवत हाताने न उपटण्याची सूचना कायम आहे, कारण ती संवेदनशीलता खरी आहे.

वयानुसार रक्तदाब वाढला तर काय, हा प्रश्न खुला आहे. पहिले पाऊल टेल्मिसार्टन ८० मिलिग्रॅमपर्यंत नेणे हे असेल. त्यानंतर तिसऱ्या औषधाची वेळ आली तर सामान्यतः थायझाइड गटाकडेच हात जातो, आणि या रुग्णासाठी ती वाट बंद आहे. स्पायरोनोलॅक्टोन सल्फोनामाइड वर्गात मोडत नाही, म्हणून ते पर्याय ठरू शकते. टेल्मिसार्टनच्या जोडीने ते दिल्यास रक्तातील पोटॅशियम चढण्याचा धोका असतो, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासण्याची नोंद त्यांच्या केसपेपरवर आताच करून ठेवली आहे.